ज्या दुपारी ब्रेकर पडला नाही

“तुझा ब्रेकर पडला तर खुशाल शिव्या दे, पोरी. पण ज्या दिवशी तो पडलाच नाही ना, त्या दिवशी बाहेर ये आणि शेजारचं दार वाजव.”

देवगडे काका हे बोलले तेव्हा शाल्मली जिन्याखाली उभी होती. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात पोटावर. सातवा महिना लागला होता, पाय सुजले होते, आणि काकांना एकदा श्रोता सापडला की ते त्याला सोडत नाहीत हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. “हो काका,” असं म्हणून ती लिफ्टमध्ये शिरली. म्हातारी माणसं असं काहीबाही बोलतातच. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती ते वाक्य विसरलीही.

काका तिच्या समोरच्याच घरात एकटे राहायचे. जन्मभर रेल्वेत स्टेशनमास्तर होते. बायको गेली, मुलगी परदेशात, आणि स्टेशन सुटलं तरी स्टेशनमास्तरकी सुटली नाही. कॉलनीत नवे ब्रेकर बसले आणि जिन्याखाली त्यांचा फळा लागला, तेव्हापासून काका दिवसातून दहादा खाली उतरून त्या फळ्यासमोर उभे राहायचे. कोणत्या घराचा दिवा हिरवा, कोणाचा लाल. “माझं स्टेशन परत मिळालं मला,” म्हणायचे.

चंद्रपूरच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये असं एके काळी म्हणत. पारा सत्तेचाळिसाला टेकला तरी लोक डोक्याला दुपट्टा बांधून लग्नाला जायचे आणि वर त्याची फुशारकी मारायचे. घराघराच्या खिडकीला कूलर, कूलरला वाळ्याच्या ताट्या, आणि चैत्र लागला की गल्लीभर त्या ओल्या वाळ्याचा वास. हवा कोरडी असायची म्हणून ते सगळं चालायचं. कोरडी हवा पाणी पिऊन टाकते आणि थंड होते. कूलरचं शास्त्र तेवढंच. आपल्या घामाचंही तेच.

मग समुद्र तापला. बंगालच्या उपसागरावरची दमट हवा पूर्वी पावसाच्या तोंडावर यायची, ती मे महिन्यातच विदर्भात येऊन बसायला लागली. पारा उलट खाली आला, आणि माणसं मरायला लागली. कारण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळतानाच तो अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेतच पाणी ठासून भरलं असेल, तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि उष्णता आतच राहते. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून बघावं. तो ओला पारा पस्तिशीकडे सरकला, की धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसल्या जागी शिजत जातो. म्हातारं माणूस आणि तान्हं मूल त्याच्या कितीतरी आधी.

कूलर अशा हवेत काही कामाचा नाही. तो नुसती वाफ भरतो. म्हणून प्रत्येक घरात एसी आले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर फटाक्यांसारखे उडाले. शहराच्या उशाशी कोळसा जळतो, राख चंद्रपूरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, पण कॉलनीच्या ट्रान्सफॉर्मरमधून जेवढी वीज येते तेवढीच येते. नवा मिळायला वर्षं लागणार होती. तोवर आला तो वाटून देणारा ब्रेकर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘वाटप्या’.

जुना ब्रेकर बिचारा आंधळा होता. आपल्या तारेत प्रवाह जास्त झाला की पडायचं, एवढंच त्याला ठाऊक. वाटप्याला बाकीच्या घरांचे ब्रेकर दिसत. घरोघरी भिंतीवर एक डबी बसवलेली. ती खोलीचं तापमान बघते, ओलावा बघते, घरात किती वयाची माणसं राहतात ते तिला आधीच सांगून ठेवलेलं असतं, आणि त्यावरून ती हिशेब करते, की या खोलीतलं माणूस आणखी अर्ध्या तासात किती तापेल. एका तारेवरच्या घरांत ज्याला धोका जास्त, त्याचा एसी चालू राहतो. दुसऱ्याचा ब्रेकर पडतो. मग त्याची खोली तापते, धोका उलटतो, आणि बारी बदलते.

“आमच्या छोट्या लाइनीवर असंच होतं,” काका सांगायचे. “रूळ एकच. दोन्हीकडून गाड्या. मग एक लोखंडी गोळा असायचा. गोळा ज्याच्या हातात, त्याचीच गाडी निघणार. दुसरी उभी. ड्रायव्हर ओरडायचे, शिव्या द्यायचे, पण टक्कर एकदाही नाही झाली, बरं का. माझ्या सगळ्या नोकरीत नाही.”

डबीवर एक बारीक दिवा होता. आपली बारी असली की हिरवा, नसली की लाल. खालच्या फळ्यावर मात्र लाल म्हणजे त्या घरात धोका. आणि डबीला एक बटण होतं. गावाला जाताना ते दाबून ठेवलं, की आपली बारी त्या तारेवरच्या सगळ्यात अडचणीतल्या घराला मिळते. त्या घराच्या डबीवर मग निळा दिवा लागतो. हेही काकांनीच सांगितलं होतं. तिने अर्धंच ऐकलं होतं.

*

पूर्वी बाळंतपणाला लेक माहेरी जायची. आता माहेरच लेकीकडे येतं, कारण एसी लेकीकडे असतो. शाल्मलीची आई वरोऱ्याहून आली ती डिंक, खारका, बाळंतशेपा आणि गोवऱ्यांचं एक गाठोडं घेऊन.

“आई, गोवऱ्या? तिसऱ्या मजल्यावर?”

“मग शेक काय मोबाइलवर देऊ काय तुला?”

नवरा अंशुल सिमेंटच्या कारखान्यात होता. सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. दिवसभर घरात तिघीच. शाल्मली, आई आणि ती इवलीशी मुलगी, जिचं अजून बारसं व्हायचं होतं म्हणून सगळे तिला छकुली म्हणत.

बाळ घरी आलं त्या पहिल्या आठवड्यातच एसी पडायला लागला. पंधरा-वीस मिनिटं चालायचा, मग ब्रेकरच्या फळीवरून ‘टक्’ असा आवाज यायचा आणि खोली गप्प व्हायची. त्या गप्प होण्याचीच शाल्मलीला धास्ती बसली. ती बाळाच्या मानेला हात लावून बसायची. मान ओली. टाळू धडधडतेय. अशाच एका दुपारी छकुलीने दूध ओढणंच सोडलं. तोंडात घातलं तरी जीभ हलवेना, हात दोरीसारखे लोंबायला लागले. आईने तिला ओल्या फडक्याने पुसलं, अंगाई म्हणाली, देवाचं नाव घेतलं. एसी परत सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने ती रडली. शाल्मलीने तिला लगेच पाजायला घेतलं.

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, “एवढ्या लहान बाळांना घामच नीट येत नाही अजून. खोली थंड ठेवा. दुसरं औषध नाही याला.”

खोली थंड ठेवा. शाल्मली बी.एस्सी. झाली होती. तिने एकेक गोष्ट तपासायला घेतली. जाळी काढून धुतली. बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांत कबुतराची पिसं आणि राख अडकली होती, ती ब्रशने काढली. त्या लाइनीवरून फ्रिज हलवला, गीझर बंद केला. ब्रेकर तरी पडलाच. मग मेकॅनिकला बोलावलं. त्याने तारेला चिमटा लावून करंट बघितला, कपॅसिटर बदलला, फळीतले स्क्रू आवळले, चहा प्यायला. तो जिना उतरत नाही तोच ‘टक्’.

“मशीनमध्ये काही नाही ना, ताई,” तो फोनवर म्हणाला. “ब्रेकर पडून नाही राहिला. पाडल्या जाऊन राहिला. तुमची बारी संपली की पडतेच ते.”

“पण घरात तान्हं बाळ आहे.”

“सगळ्यांच्याच घरी कोणी ना कोणी आहे, ताई.”

तिला राग आला तो यावर, आणि तो खरं बोलत होता म्हणून जास्त आला. त्या तारेवर दोनच घरं होती. तिचं आणि देवगडे काकांचं. म्हणजे तिचा एसी बंद पडायचा तेव्हा समोर काकांचा चालू व्हायचा. हे कळल्यापासून दुपारी समोरच्या बाहेरच्या युनिटची घरघर सुरू झाली, की तिला वाटायचं कोणीतरी तिच्या मुलीच्या तोंडातून घास काढून घेतंय.

डबीवरचा तो लाल ठिपकाही तिला बघवेना. बाळाच्या डोळ्यांवर येतो असं निमित्त काढून तिने आपल्या पाकिटातली एक मोठी मरून टिकली घेतली आणि दिव्यावर चिकटवली.

आई बघत होती. “डबीलाही सवाष्ण केली काय गं? ओटीही भरून टाक.”

किती दिवसांनी शाल्मली हसली.

*

तिच्या लक्षात आलं ते योगायोगाने. पण तिच्या लक्षात आलं, कारण ती सारखी लक्ष ठेवूनच बसलेली असायची.

रोज सकाळी आई बाळाला न्हाऊ घालायची. बादलीभर कढत पाणी, खोलीभर वाफ. मग धुपाटण्यात निखारे घालून त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून धुरी. धुरीला शाल्मली खिडकी किलकिली ठेवायची, पण वाफ आणि ऊब दाराजवळच्या कोपऱ्यात कोंडून राहायची. तिथेच भिंतीवर डबी. आणि न्हाणं झाल्यावर ब्रेकर पडत नसे. बराच वेळ पडत नसे.

डबीला वाटत होतं, या खोलीतलं बाळ उकडून निघतंय.

दोन दिवस तिने नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने खिडकी तशीच किलकिली ठेवून शेकाची शेगडी दाराजवळ ओढली, वर पाण्याचं पातेलं ठेवलं आणि ते बरोबर डबीच्या खाली येईल असं स्टूल लावलं. बाळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, एसीच्या झोताखाली. वाफ सरळ डबीत. एसी अख्खी दुपार चालला. छकुली पोटभर प्यायली आणि मुठी सैल सोडून झोपली.

“हे काय करून राहिली तू?” आईने विचारलं.

“डबीला शेक देतेय.”

आई काही वेळ पातेल्याकडे बघत राहिली. “समोर मास्तर एकटे राहतात ना गं.”

“त्यांचाही चालू होत असेल अधूनमधून. यंत्र बघतं ना सगळं.”

आईने झोपलेल्या नातीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पातेल्यात पाणी आईनेच भरलं.

अंशुलला संध्याकाळी घर थंड लागलं. “झाला वाटतं नीट एसी?”

“झाला,” शाल्मली म्हणाली.

*

काका आले ते चार-पाच दिवसांनी, सकाळी, ऊन चढायच्या आधी. बेल वाजल्यावर शाल्मलीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे शेगडी पडद्याआड ढकलली. दार अर्धंच उघडलं.

काका बनियनवर होते, गळ्यात ओला पंचा. चेहरा उतरलेला, पण दाढी रोजच्यासारखी गुळगुळीत.

“पोरी, फळ्यावर तुझं घर रोज दुपारभर लाल भडक दिसतं. धोका, धोका, धोका. बाळ बरं आहे ना?”

तिला त्या क्षणी दोन उत्तरं सुचली होती. दोन्ही जिभेवर होती. काका सोसायटीचे जुने माणूस, नियमाचे पक्के. कळलं तर सभा बोलावतील, डबीची जागा बदलतील, आणि मग परत ते ‘टक्’, परत ते लोंबणारे हात.

“तिला बाधतंय हो काका,” ती म्हणाली. “उष्णता सहनच होत नाही तिला. डॉक्टर म्हणतात, खोली थंडच हवी.”

म्हणजे ती खोटंही बोलली नव्हती.

काकांनी मान हलवली. मग डोळे मिचकावले. “मी बघ, पत्र्याच्या स्टेशनात तीस उन्हाळे काढलेत. दुपारच्या गाडीला हिरवं निशाण दाखवताना दांडीला हात भाजायचा. आम्हाला काय होतं?”

“काळजी घ्या पण तुम्ही.”

“माझा जुना कूलर आहे ना. पोरीने फेकू फेकू केलं, नाही फेकला. इन्व्हर्टरवर फर्स्ट क्लास चालतो.” ते वळले आणि परत थांबले. “तू घाबरू नको. तुझी गाडी उभी नाही राहणार.”

दार लावल्यावर ती तशीच उभी राहिली. शेगडीवरचं पाणी उकळत होतं. काकांचं शेवटचं वाक्य तिने म्हाताऱ्याचं लाघव म्हणून सोडून दिलं.

त्या दिवसापासून ब्रेकर एकदाही पडला नाही. दुसऱ्या दिवशी तिने शेगडी उशिरा लावली, तरी नाही पडला. त्यानंतरच्या दिवशी तर आईचं डोकं दुखत होतं म्हणून पातेलं ठेवलंच नाही. तरी एसी आपला चालू. शाल्मलीने मनाशी उत्तर काढलं, की यंत्राला सवय झाली असेल, या घराला धोका जास्त हे ते शिकलं असेल. शिकणारी यंत्रं असतातच. उत्तर सोयीचं होतं, म्हणून तिने ते पुन्हा तपासलं नाही. जाळी, पत्रे, कपॅसिटर, स्क्रू, सगळं तपासणारी बाई ती. एसी पडत होता तेव्हा तिने कारण शोधलं होतं. पडेनासा झाला तेव्हा नाही शोधलं.

त्याच्या पुढच्या सकाळी आईने खिरीची वाटी घेऊन समोरची बेल वाजवली, पण दार उघडलं नाही. “मास्तर, बरे आहात ना?” तिने बाहेरूनच विचारलं. आतून आवाज आला, “मस्त. अंघोळीला बसतोय. ठेवा बाहेर.” आईने वाटीवर झाकण ठेवलं आणि ती परत आली.

*

त्या दुपारी हवा कशी होती हे सांगायला शब्द जवळ नाही. खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूने पाणी धरलं होतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आत एसी शांतपणे, न अडखळता, एका सुरात चालला होता. छकुली झोपली होती. आई झोपली होती. शाल्मलीलाही कितीतरी दिवसांनी डोळा लागणार होता.

तेव्हा तिला वाटलं, काहीतरी ऐकू येत नाहीये.

समोरच्या युनिटची घरघर. तिने आठवून पाहिलं. आज नाही. काल? कालही नाही. ती उठून बसली. ज्या आवाजाचा तिने एवढा राग केला, तो बंद कधी झाला हे तिला सांगता येईना.

मग जिन्याखालचं ते वाक्य आलं. भाजीच्या पिशवीसकट, सुजलेल्या पायांसकट, जसंच्या तसं आलं.

ती डबीपाशी गेली. टिकलीची कड वाफेने सुटलेली होती. तिने नखाने ती उचलली.

दिवा निळा होता.

ती धावत बाहेर आली. समोरच्या दाराशी खिरीची वाटी तशीच होती, झाकणासकट. तिने बेल वाजवली, मग मुठीने दार वाजवलं, मग लाथेने. “काका. काका, दार उघडा.” दाराखालच्या फटीतून पायाला एक ओली गरम झुळूक लागत होती. आई उठून आली. खालच्या मजल्यावरचे दोघे आले. कोणीतरी पहार आणली.

दार उघडलं तेव्हा आतून न्हाणीघरासारखी वाफ अंगावर आली. उन्हं लागू नयेत म्हणून काकांनी सगळ्या खिडक्या पक्क्या बंद केलेल्या. पडदे ओढलेले. आणि त्या कोंडलेल्या खोलीत त्यांचा तो जुना कूलर इन्व्हर्टरवर फिरत होता, वाळ्याच्या ताट्या भिजवून खोलीत पाणी भरत होता. भिंतींवरून पाणी उतरत होतं. सत्तेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात ज्या युक्तीने त्यांना आयुष्यभर वाचवलं, तीच युक्ती त्यांनी केली होती. चंद्रपूरचा कुठलाही म्हातारा तीच करेल. कोणाही म्हाताऱ्याला विचारा.

काका खुर्चीत होते. पंचा डोक्यावर, पाय बादलीत. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि त्याला घाम नव्हता. शाल्मलीने त्यांचा हात धरला. तो तिच्या हातात तसाच राहिला, दोरीसारखा. ती ओळख तिला होती.

रुग्णवाहिका आली. तिने येऊन फारसा फरक पडला नाही.

भिंतीवर त्यांची डबी होती. तिचा दिवा विझलेला होता. कारण ते बटण गावाला जाणाऱ्यांसाठी केलेलं होतं. बारी सोडली, की यंत्र धरून चालतं, घरात कोणी नाही. मग त्या खोलीत कितीही उष्मा झाला तरी खालच्या फळ्यावर काही उमटत नाही. बारी सोडून कोणी घरातच बसून राहील, हे ते यंत्र बनवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

*

वीज कंपनीचा माणूस चौकशीला आला. सगळं बघून म्हणाला, यंत्रणेत दोष नाही. मृताने स्वखुशीने बारी सोडली होती. समोरच्या घरात तान्हं बाळ संकटात होतं, तिथे ती गेली. “खरं म्हणजे हे फार मोठं उदाहरण आहे,” तो शाल्मलीला म्हणाला. “तुमच्या बाळासाठी त्यांनी...” त्याचे डोळे भरले होते. शाल्मलीचे कोरडे होते.

काकांची मुलगी पोचली तेव्हा अंत्यविधी होऊन गेले होते. तिने छकुलीला मांडीवर घेतलं. “बाबा फोनवर हिच्याबद्दलच बोलायचे. म्हणायचे, समोर पाहुणी आली आहे, नाजूक आहे. कशी आहे आता?”

“बरी आहे,” शाल्मलीची आई म्हणाली. आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी अंशुलला शाल्मलीने शेगडीचं सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तू काही मुद्दाम नाही केलंस.”

“मुद्दामच केलं.”

“त्यांना मारायला नाही केलंस.”

“नाही. त्यांचा विचारच नाही केला.”

“हे कोणाला बोलू नको, शालू. काय उपयोग आहे आता?”

एसी चालू होता. दोघांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. त्या तारेवर आता एकच घर उरलं होतं. वाटून द्यायला दुसरं कोणी नव्हतं. जाळी धुऊन, स्क्रू आवळून, कपॅसिटर बदलून जे झालं नव्हतं, ते झालं होतं. ब्रेकर आता कधीच पडणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन भर माथ्यावर असताना, शाल्मलीने छकुलीला आईच्या मांडीवर दिलं आणि ती काकांच्या मुलीला भेटायला समोर गेली. दार लावून घेतलं आणि शेगडीपासून सगळं सांगितलं. बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर मारल्याची कसलीही खूण नव्हती. काकांची मुलगी त्याच संध्याकाळी गेली. जाताना तिने छकुलीला हात लावला नाही.

त्यानंतर शाल्मली रोज दुपारी घराबाहेर पडते. अंशुल म्हणतो, नको, तुलाच ऊन लागेल. आई म्हणते, जाऊ दे तिला. ती आधी जिन्याखाली फळ्यासमोर उभी राहते, मग ज्या घराचा दिवा विझलेला असेल त्या घरी जाते आणि दार वाजवते. लोक वैतागतात. “आहोत ना जिवंत,” पहिल्या मजल्यावरचे आजोबा आतूनच ओरडतात. “दार उघडा,” ती म्हणते. “उघडल्याशिवाय नाही जाणार.”

फळ्याशेजारी तिने एक कागद चिकटवला आहे. तो वाऱ्याने फाटला की ती नवा लिहून लावते. त्याच्या नकला ती ओळखीच्या लोकांना पाठवते, त्यांनी पुढे पाठवाव्यात म्हणून. कदाचित आता तो तुमच्या हातात असेल.

“तुमचा एसी आज दुपारभर चालला असेल आणि ब्रेकर एकदाही पडला नसेल, तर तुमचं मशीन चांगलं आहे असं समजू नका. कोणाची तरी गाडी उभी आहे. शेजारी, वर, खाली कोणी एकटं राहत असेल. तुम्हाला नाव माहीत आहे. आत्ता उठा, हे नंतर वाचा. बेल वाजवून परत येऊ नका. आतून ‘मस्त’ असा आवाज येईल, त्या आवाजावर जाऊ नका. दार उघडायला लावा. आत हात घालून हवा बघा, ओली आहे का. माणसाचा हात हातात घ्या. तो तुमचा हात धरतो का, ते बघा.”